डॉक्टरांची चिठ्ठी : ठाण्यातील रुग्ण आणि नातेवाईक वारंवार विचारतात ते प्रश्न

नौपाड्यातील औषधांच्या दुकानात नोंदणीकृत फार्मासिस्ट म्हणून मी पंचवीसहून अधिक वर्षे काउंटरमागे उभा आहे. कोपरी, कळवा, घोडबंदर रस्ता, ऐरोली अशा सगळीकडच्या खासगी दवाखान्यांतील चिठ्ठ्या या काउंटरवर येतात आणि त्यांच्याबरोबर प्रश्नही येतात. अक्षराची तक्रार सगळेच करतात. मात्र न वाचता आलेल्या शब्दांपेक्षा मुळात न लिहिलेल्या शब्दांनी जास्त घोळ घातलेला मी पाहिला आहे, आणि पुढील बरीचशी उत्तरे फिरून याच मुद्द्यावर येतात. ही माहिती चिठ्ठी समजून घेण्यासाठी आहे. कोणतेही औषध सुरू किंवा बंद करण्याचा निर्णय डॉक्टरांना विचारूनच घ्यावा.

चिठ्ठीवर कायद्याने काय काय असायला हवे?

औषध नियम, १९४५ (पूर्वीचे नाव औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम) मधील नियम ६५ नुसार चिठ्ठी लेखी असावी, तिच्यावर डॉक्टरांची सही व तारीख असावी, रुग्णाचे नाव आणि पत्ता असावा, औषध एकूण किती द्यायचे आणि ते कोणत्या मात्रेत घ्यायचे हेही लिहिलेले असावे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर, प्रमाणपत्रावर आणि फीच्या पावतीवर असणे आवश्यक आहे.

प्रत्यक्षात हाती येणारा कागद कसा असतो ते सांगतो. वरच्या तिसऱ्या हिश्श्यात डॉक्टरांचे नाव, पदव्या, सकाळ-संध्याकाळच्या वेळा आणि ‘रविवारी बंद’. त्याखाली ‘मिसेस पाटील’ एवढेच. ठाण्यात मिसेस पाटील किती असतील याचा हिशेब कोणी करावा? वय बहुधा नसते, आणि ज्यांची मात्रा वजनावरच ठरते त्या लहान मुलांच्या चिठ्ठीवरही पुष्कळदा वजन नसते. मग पाच ओळी, प्रत्येकीपुढे १-०-१ किंवा ०-०-१ (सकाळ-दुपार-रात्र किती गोळ्या ते), शेवटी ‘× ५’ आणि सही. हे ‘× ५’ म्हणजे पाच दिवस की पाच गोळ्या? दिवसातून दोनदा घ्यायचे औषध असेल तर पहिल्या अर्थाने दहा गोळ्या द्याव्या लागतात आणि दुसऱ्या अर्थाने निम्म्या. ‘५ दिवस, एकूण १० गोळ्या’ असे लिहिले की प्रश्नच उरत नाही.

डॉक्टरांनी सुवाच्य अक्षरात लिहावे असा नियम आहे का?

आहे. २०१६ मध्ये आचारसंहितेत दुरुस्ती झाली. तिच्यानुसार डॉक्टरांनी औषध जेनेरिक, म्हणजे मूळ रासायनिक नावाने, सुवाच्य अक्षरात आणि शक्यतो मोठ्या इंग्रजी लिपीत लिहावे. परिषदेच्या जागी आलेल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये नवे नियम आणले, पण त्याच महिन्यात ते स्थगित केले. त्यामुळे २००२ चीच संहिता पुन्हा लागू झाली. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये वाचता येईल अशी चिठ्ठी मिळणे हा रुग्णाच्या मूलभूत अधिकाराचा भाग मानला.

वाईट अक्षराचे कारण बहुतेक वेळा साधे असते. संध्याकाळी सात ते दहा या वेळात बाहेरच्या बाकावर वीस-पंचवीस माणसे बसलेली असतात आणि डॉक्टर ऐकता ऐकताच लिहीत असतात. त्यात नेहमीच्या दुकानदाराला ‘डॉक्टरांचा हात’ ओळखीचा असतो, म्हणून तक्रार त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. रुग्ण तीच चिठ्ठी घेऊन खारघरला मुलीकडे गेला आणि तिथल्या दुकानात दाखवली की मग अडचण उघड होते.

आमचे डॉक्टर आता संगणकावरून छापील चिठ्ठी देतात. मग काळजी मिटली ना?

अक्षराची मिटली, इतर गोष्टींची नाही. संगणकात औषधाची पहिली दोन-तीन अक्षरे दाबली की यादी उघडते आणि घाईत वरचे किंवा खालचे नाव निवडले जाते. क्लोबाझाम आणि क्लोनाझेपाम ही दोन्ही नावे एकाच यादीत जवळजवळ येतात. दोन्ही मेंदूवर काम करणारी औषधे आहेत, परंतु पहिल्याची गोळी ५ किंवा १० मिलिग्रॅमची असते, तर दुसऱ्याची नेहमीची गोळी पाव किंवा अर्ध्या मिलिग्रॅमची. गिचमिड अक्षर पाहून फार्मासिस्ट थांबतो आणि डॉक्टरांना फोन लावतो. स्वच्छ छापलेल्या चुकीच्या नावावर कोणी शंका घेत नाही. म्हणून छापील चिठ्ठी मिळाल्यावरही दवाखान्यातून उठण्यापूर्वी कोणती गोळी कशासाठी, हे एकदा विचारून घ्यावे.

ओडी, बीडी, टीडीएस, एचएस, एसओएस यांचा अर्थ काय?

ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी म्हणजे दोनदा, टीडीएस म्हणजे तीनदा, क्यूआयडी म्हणजे चारदा, एचएस म्हणजे रात्री झोपताना आणि एसओएस म्हणजे त्रास झाला तरच. एसी म्हणजे जेवणापूर्वी, पीसी म्हणजे जेवणानंतर, स्टॅट म्हणजे ताबडतोब. ही लॅटिनमधून आलेली संक्षिप्त रूपे आहेत. नेत्रतज्ज्ञांच्या चिठ्ठीवर मात्र ओडीचा अर्थ ‘उजवा डोळा’ असाही होतो. थेंबांच्या बाबतीत हा गोंधळ मी स्वतः पाहिला आहे.

एसओएसबद्दल थोडे अधिक सांगायला हवे. ‘ताप आल्यास एसओएस’ एवढे लिहून भागत नाही, कारण दोन गोळ्यांमध्ये किमान किती तासांचे अंतर ठेवायचे आणि दिवसात जास्तीत जास्त किती घ्यायच्या, हे रुग्णाला कळत नाही. घरात तापासाठी एक गोळी, अंगदुखीसाठी दुसरी आणि सर्दीसाठी तिसरी असते, आणि तिन्हींमध्ये पॅरासिटामॉल असू शकते.

एखादा शब्द राहून गेल्याने खरोखर धोका होतो का?

संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट नावाचे औषध देतात. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. रोज घेतले गेले तर तोंडात फोड येतात, रक्तपेशी घटतात आणि जीवही जाऊ शकतो. ही चूक जगभर नोंदलेली आहे. काही वर्षांपूर्वी ऐरोलीचे एक गृहस्थ पत्नीची चिठ्ठी घेऊन आले आणि म्हणाले, ‘‘चार गोळ्या दिल्या होत्या, संपल्या, अजून द्या.’’ चिठ्ठीवरची तारीख पाच दिवसांपूर्वीची होती. चार आठवड्यांच्या चार गोळ्या चार दिवसांत पोटात गेल्या होत्या. आठवडा दाखवणारा शब्द ओळीच्या टोकाला, कागदाच्या घडीत, एका फराट्याएवढा होता, आणि जिथून त्या गोळ्या घेतल्या होत्या त्या दुकानातही तोंडी कोणी काही सांगितले नव्हते. मी डॉक्टरांना फोन केला, त्यांनी त्याच दुपारी बोलावून रक्त तपासले आणि बाईंचे निभावले. तेव्हापासून ते डॉक्टर ‘फक्त दर रविवारी’ असे मराठीत लिहितात आणि खाली रेघ ओढतात. अशा औषधासाठी वाराचे नाव लिहून मागावे.

दुसरे उदाहरण इन्सुलिनचे. आपल्याकडे कुपीतील इन्सुलिन बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिटचे असते, तर पेनमधील १०० युनिटचे. त्यांच्या सिरिंजही वेगळ्या, ४० साठी लाल टोपणाची आणि १०० साठी नारिंगी. चिठ्ठीवर नुसते ‘इन्सुलिन १०’ असेल तर रुग्ण कोणत्या सिरिंजने काय भरेल याचा नेम नाही. युनिटसाठी इंग्रजी ‘यू’ हे एकच अक्षर आकड्याला चिकटून लिहिले की ते शून्यासारखे दिसते आणि १० चे १०० वाचले जातात. अर्ध्या मिलिग्रॅमसाठी ‘०.५’ ऐवजी नुसते ‘.५’ लिहिण्याची सवयही तशीच घातक आहे, कारण तो टिंब कार्बन कागदावर उमटत नाही.

चिठ्ठीवर कंपनीचे नाव असेल तर दुकानदार त्याच औषधाची दुसऱ्या कंपनीची गोळी देऊ शकतो का?

अनुसूची एच, एच१ आणि एक्समधील, म्हणजे फक्त डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकता येणाऱ्या, औषधांच्या बाबतीत नियम याची परवानगी देत नाहीत. घटक तेच असले तरी डॉक्टरांनी लिहिलेल्या औषधाऐवजी दुसरे देता येत नाही. प्रत्यक्षात दुकानांतून ‘सेम आहे, कंपनी वेगळी’ हे वाक्य दिवसभर ऐकू येते, हे मी नाकारत नाही. त्यातली बरीचशी अदलाबदल रुग्णाच्या सोयीची असते, काही दुकानदाराच्या नफ्याची.

सरळ मार्ग असा की डॉक्टरांना मूळ नाव लिहायला सांगावे. मूळ नाव असेल तर जनऔषधी केंद्रातून घेणेही नियमात बसते. फिट्सची काही औषधे, थायरॉइडची गोळी, रक्त पातळ करणारे वॉरफॅरिन अशा औषधांमध्ये मात्रेचा थोडा फरकही जाणवू शकतो. तिथे महिन्यामहिन्याला कंपनी बदलत राहू नये आणि बदलायची असल्यास डॉक्टरांना सांगून बदलावी.

डॉक्टर नेहमी एकाच कंपनीची औषधे का लिहितात?

कारणे मिसळलेली आहेत. एखाद्या ब्रँडचा वर्षानुवर्षे अनुभव चांगला असतो, ते शेजारच्या दुकानात हमखास मिळते, आणि हात त्याच नावाला सरावलेला असतो. दुसऱ्या बाजूला दवाखान्याबाहेर बॅग घेऊन थांबलेले एमआर, म्हणजे औषध कंपन्यांचे प्रतिनिधी, असतात. २००९ मध्ये आचारसंहितेत भर घालून औषध कंपन्यांकडून भेटवस्तू, प्रवासखर्च, पाहुणचार किंवा रोख रक्कम घेण्यास डॉक्टरांना मनाई केली गेली. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा भेटींचा खर्च कंपन्यांना आयकरातून वजा करता येणार नाही असे ठरवले, आणि मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने औषध विपणनाची एकसमान संहिता जाहीर केली. तरीही एखादे नवे मिश्रण बाजारात आले की दोन-तीन आठवड्यांत ते ठरावीक चिठ्ठ्यांवर दिसू लागते, आणि काउंटरवर बसणाऱ्याला हा क्रम पाठ असतो.

मिश्रणांबाबत विशेष सावध राहावे. एकाच गोळीत दोन-तीन घटक घातलेल्या १५६ मिश्रणांवर केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये बंदी घातली, कारण त्यांना शास्त्रीय आधार दिसला नाही. चिठ्ठीवर फक्त ब्रँडचे नाव असले की आपण किती घटक गिळतो आहोत हे रुग्णाला कळायला मार्ग नसतो.

दवाखान्याला लागून असलेल्या दुकानातूनच औषध घ्यावे लागते का?

नाही. चिठ्ठी तुमची आहे आणि ती कोणत्याही परवानाधारक दुकानात चालते. अडचण तेव्हा येते, जेव्हा लिहिलेला ब्रँड त्या एकाच दुकानात मिळतो. तेव्हा डॉक्टरांकडून मूळ नाव लिहून घेणे हाच उपाय.

साध्या तापाला पाच-सहा औषधे कशासाठी?

तापाची गोळी, अँटिबायोटिक, खोकल्याचे औषध, ॲलर्जीची गोळी, पित्ताची गोळी आणि एक जीवनसत्त्व, असा हा ठरलेला संच आहे. विषाणूमुळे आलेल्या सर्दी-तापावर अँटिबायोटिकचा उपयोग होत नाही, हे डॉक्टरांना तुमच्या-माझ्यापेक्षा चांगले माहीत असते. परंतु रुग्णाला उद्या कामावर जायचे असते, दोन दिवसांत उतार पडला नाही तर तो पलीकडच्या दवाखान्यात जातो, आणि रक्ततपासणीचा खर्च त्याला नको असतो. सुई किंवा सलाइन मागणारे रुग्णही कमी नाहीत. ‘नुसत्या गोळ्या दिल्या’ म्हणून डॉक्टर बदलणारी माणसे मी रोज भेटतो. सवय दोन्हीकडून लागलेली आहे.

अँटिबायोटिकच्या पट्टीवर लाल उभी रेघ असते. जानेवारी २०२४ मध्ये केंद्राच्या आरोग्यसेवा महासंचालनालयाने डॉक्टरांना पत्र लिहून अँटिबायोटिक देताना त्याचे नेमके कारण चिठ्ठीवर नोंदवण्याचे आवाहन केले. सेफिक्सिमसारखी काही अँटिबायोटिक्स आणि अल्प्राझोलामसारख्या गोळ्या १ मार्च २०१४ पासून अनुसूची एच१ मध्ये आहेत. त्यांच्या विक्रीची नोंद, रुग्णाच्या व डॉक्टरांच्या नावासह, वेगळ्या वहीत करून ती तीन वर्षे जपावी लागते. म्हणून दुकानात नाव-पत्ता विचारला तर रागावू नये.

पित्ताच्या गोळीची गोष्ट निराळी आहे. वेदनाशामकाबरोबर वयस्कर माणसाला ती देण्यास रास्त कारण असते. कळव्याच्या एक आजी गुडघेदुखीच्या गोळीबरोबर सुरू झालेली पँटोप्राझोल तीन वर्षे रोज सकाळी घेत होत्या. गुडघ्याची गोळी पहिल्या महिन्यातच बंद झाली होती. त्यांच्या मूळ चिठ्ठीवर पित्ताच्या गोळीपुढे ‘१-०-०’ होते आणि दिवसांची जागा कोरी होती. चूक आजींची म्हणावी का? त्यांनी लिहिल्याप्रमाणेच केले होते.

आमचे डॉक्टर चिठ्ठी न देता पुड्या आणि बाटलीतले औषध देतात. हे चालते का?

स्वतःच्या रुग्णाला स्वतः औषध देण्याची मुभा नोंदणीकृत डॉक्टरांना आहे. इतरांच्या चिठ्ठ्यांवर विकणारे उघडे दुकान मात्र त्यांना चालवता येत नाही. किसननगर, कळवा, मुंब्रा अशा भागांत ही पद्धत जुनी आहे आणि रोजंदारीवरच्या माणसाला ती परवडतेही: एकाच रकमेत तपासणी आणि दोन दिवसांचे औषध. त्या सोयीला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही.

मात्र पुडीवर काहीच लिहिलेले नसते. दुसऱ्या दिवशी अंगावर चट्टे उठले आणि रुग्णाला रुग्णालयात नेले, तर तिथल्या डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो, ‘‘काय घेतलं होतं?’’ ‘‘एक पांढरी, एक गुलाबी आणि अर्धी पिवळी’’ या उत्तरावरून उपचार ठरवता येत नाहीत. पुड्यांबरोबर औषधांची नावे लिहिलेला कागदाचा तुकडा मागून घ्यावा. वारंवार मिळणाऱ्या आणि झटपट गुण देणाऱ्या पुड्यांमध्ये स्टेरॉइड आहे का, हे मधुमेही रुग्णांनी तर स्पष्ट शब्दांत विचारावे, कारण त्याने साखर वाढते.

जुन्या चिठ्ठीवर पुन्हा औषध मिळते का?

डॉक्टरांनी ‘पुन्हा द्यावे’ असे लिहिले नसेल तर नियमाप्रमाणे एका चिठ्ठीवर औषध एकदाच देता येते, आणि देताना दुकानाचे नाव-पत्ता व तारीख चिठ्ठीवर नोंदवायची असते. रक्तदाब आणि मधुमेहाच्या रुग्णांना याचा जाच होतो हे खरे. त्यासाठी ‘दरमहा, ३ महिने, नंतर तपासणी’ अशी एक ओळ पुरते. ही ओळ लिहून मागितल्यावर नाही म्हणणारे डॉक्टर मला क्वचितच आढळले. अनुसूची एक्समधील औषधांसाठी चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि एक प्रत दुकानदाराला दोन वर्षे जपावी लागते.

व्हॉट्सॲपवर आलेली चिठ्ठी चालते का?

२५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन (फोन किंवा व्हिडिओवरून वैद्यकीय सल्ला) मार्गदर्शक सूचनांनुसार डॉक्टर सही केलेल्या चिठ्ठीचे छायाचित्र किंवा डिजिटल चिठ्ठी पाठवू शकतात. अनुसूची एक्समधील आणि अमली पदार्थांच्या कायद्याखालील औषधे मात्र अशा रीतीने लिहिता येत नाहीत. डॉक्टरांनी नुसते गोळीचे नाव टाइप करून पाठवले असेल तर ती चिठ्ठी नव्हे, आणि पुतण्याने पाठवलेला त्याच्या गोळीच्या पट्टीचा फोटो तर नव्हेच.

डॉक्टरांना वाईट न वाटता हे सगळे कसे विचारावे?

डॉक्टर उलटतपासणीला कंटाळतात, पण मदतीच्या विनंतीला सहसा नाही म्हणत नाहीत. ‘‘डॉक्टर, घरी आईला गोळ्या मीच देते, म्हणून जरा कशाची कोणती आणि किती दिवस ते लिहून द्याल का?’’ एवढे पुरते. आजाराचे नावही लिहून घ्यावे. मेडिक्लेमसाठी ते लागतेच आणि दुसऱ्या डॉक्टरांकडे जाण्याची वेळ आली तर सांगता येते. आधीपासून चालू असलेली औषधे आणि ॲलर्जी स्वतःहून सांगाव्यात, कारण वीस जणांच्या रांगेत तो प्रश्न राहून जाऊ शकतो.

तक्रार कुठे करावी?

ॲलोपॅथीच्या डॉक्टरांसाठी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल आहे; आयुर्वेद आणि होमिओपॅथीच्या डॉक्टरांच्या परिषदा वेगळ्या आहेत, म्हणून आधी चिठ्ठीवरील पदवी आणि नोंदणी क्रमांक पाहावा. दुकानदाराविषयी तक्रार असेल तर ती अन्न व औषध प्रशासनाच्या ठाणे कार्यालयाकडे जाते. नुकसानभरपाईसाठी जिल्हा ग्राहक आयोग आहे. फी घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये स्पष्ट केले. औषधाची विपरीत प्रतिक्रिया झाली असेल तर ती राष्ट्रीय औषधदक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर रुग्ण स्वतः नोंदवू शकतो.

यांपैकी प्रत्येक ठिकाणी पहिल्यांदा चिठ्ठीची प्रतच मागितली जाते. मूळ कागद दुकानात विसरून येणारे पुष्कळ असतात. माझ्या खणात या घडीला अशा अकरा चिठ्ठ्या पडून आहेत, आणि त्यांतल्या चारांवर रुग्णाचे पूर्ण नाव नसल्याने त्या कोणाला परत करायच्या हे मला ठाऊक नाही.